शून्य-एकवाल्यांना चार शब्द

‘अहो, डिजिटल आहे ते! शून्य आणि एकच तर लिहायचेत. कुठलाही रायटर घ्या, कुठलीही ब्लँक सीडी घाला आणि बटण दाबा. मास्टर म्हणून काही वेगळी सीडी असते का?’

हे ज्ञान पुण्यात टापकीर गल्लीतल्या काउंटरवर फुकट मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं, आणि हल्ली चांगल्या शिकल्यासवरल्या ध्वनिमुद्रकांकडूनही मिळतं. सांगणाऱ्याचा सूर असा, की विचारणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. एवढंही कळत नाही? कॅसेटच्या जमान्यातून उठून आलेला दिसतोय! विचारणारा बिचारा गप्प बसतो. माइक कुठला घ्यायचा, तानपुरे कुठे ठेवायचे, हार्मोनियम किती मागे ढकलायची यावर महिनाभर काथ्याकूट झालेला असतो. मिक्सिंगला आठवडे गेलेले असतात. आणि ज्या एका तबकडीवरून पुढे सगळ्या प्रती निघायच्या, ती मात्र कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या लॅपटॉपवर, चहा येईपर्यंत उरकून घेतली जाते.

अज्ञानाचा मला राग येत नाही. अज्ञान शास्त्राचा अंगरखा घालून दुसऱ्याला मूर्खात काढू लागलं, की येतो.

त्यांची बाजू आधी त्यांच्याहून नीट मांडतो, म्हणजे तक्रारीला जागा नको. डिजिटल नोंद म्हणजे आकडे. आकडा एक तर बरोबर असतो, नाहीतर चूक. ‘जरासा बरोबर’ असा आकडा नसतो. शिवाय सीडीत चुका दुरुस्त करण्याची यंत्रणा आहेच. तेव्हा स्वस्त रायटरने लिहिलेला आकडा आणि महागड्या रायटरने लिहिलेला आकडा एकच. वाजवून पाहिली, वाजली, विषय संपला. यापलीकडे जो बोलतो तो एक तर यंत्रं विकायला बसलेला, नाहीतर सोन्याच्या तारांनी स्पीकर जोडणारा भाविक.

ऐकायला बिनतोड आहे. फक्त सीडी प्रत्यक्षात कशी लिहिली जाते, याच्याशी या युक्तिवादाची गाठभेट झालेली नाही.

सीडीवर शून्य नसतं आणि एकही नसतो. असतो तो आतून बाहेर उलगडत जाणारा एक सर्पिल मार्ग, पाच किलोमीटरहून लांब; शेजारच्या दोन फेऱ्यांत अंतर १.६ मायक्रोमीटर. या मार्गावर खुणा असतात आणि खुणांमध्ये मोकळ्या जागा. कारखान्यातल्या सीडीवर या खुणा साच्यातून उठलेल्या असतात. आपण राइट करतो त्या सीडीवर त्या लेसरने भाजलेल्या रंगद्रव्याच्या असतात. खुणांच्या आणि मोकळ्या जागांच्या लांब्या नऊ ठरलेल्या आहेत, तीन मापांपासून अकरा मापांपर्यंत. सगळ्यात आखूड खूण एका मायक्रोमीटरहूनही लहान. वाचणारा लेसर काय करतो, तर परत आलेला प्रकाश किती वेळ मंद राहिला आणि किती वेळ उजळ, हे मोजतो. एक माप म्हणजे सुमारे २३१ नॅनोसेकंद. एवढ्याशा वेळात खुणेची कड सापडली पाहिजे. कड जागेवरून सरकली की तिनाचे चार होतात, चाराचे तीन होतात.

आता ही खूण कोण भाजतं? रायटरचा लेसर. शक्ती जरा जास्त झाली की खूण लांबते, कमी झाली की आखडते. रंगद्रव्याचा थर सगळीकडे सारखा नसतो. तबकडी किंचित वाकडी असते. लिहिता लिहिता लेसर तापतो. मोटर थरथरते. यातली कुठली गोष्ट डिजिटल आहे? लोहाराने लोखंड तापवावं इतकं हे सगळं भौतिक आहे. शून्य-एक हा त्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. अर्थ शुद्ध आहे म्हणून अक्षरही शुद्धच उमटलं असेल, असं मानणारा माणूस फार सुखी असला पाहिजे.

‘पण दुरुस्तीची यंत्रणा आहे ना?’ आहे. उत्तम आहे. फिलिप्स आणि सोनीने १९८० साली जो ‘रेड बुक’ नावाचा आराखडा ठरवला, त्याचा तो कणाच. सीडी वाजताना दर सेकंदाला ७३५० फ्रेम वाचल्या जातात. दुरुस्ती दोन टप्प्यांत होते: पहिला सी-१, त्याला न जमलेलं दुसरा सी-२ सांभाळतो. दर सेकंदाला २२० फ्रेमपर्यंत चुका निघाल्या तरी सीडी मानकात बसते, दहा सेकंदांची सरासरी धरून. म्हणजे तीन टक्के फ्रेममध्ये चूक असेल, हे बनवणाऱ्यांनीच गृहीत धरलं होतं. आवाजाचे तुकडे अशा खुबीने विखरून लिहिलेले असतात, की मार्गावरचा जवळजवळ अडीच मिलिमीटरचा सलग पट्टा वाया गेला तरी गाणं जसंच्या तसं परत मिळतं.

पण ही राखीव ताकद कशासाठी ठेवली होती? ऐकणाऱ्याच्या घरी पडणाऱ्या ओरखड्यांसाठी, बोटांच्या ठशांसाठी, धुळीसाठी, वीस वर्षांनी फिक्या पडणाऱ्या रंगासाठी. ती तुमच्या रायटरच्या आळसासाठी नव्हती. नवी कोरी सीडी जन्मतःच दर सेकंदाला दीडशे-दोनशे चुका घेऊन बाहेर येत असेल, तर पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली लाकडं शिमग्यालाच होळीत घातल्यासारखं झालं. आषाढात काय जाळणार? मास्टरला तर आणखी प्रवास असतो. ती कुरिअरने जाते, कारखान्यातल्या कुणाच्या तरी टेबलावर पडते, अनोळखी ड्राइव्हमध्ये वाचली जाते. तिथे सी-२ ने हात टेकले, तर एक तर मास्टर परत येते किंवा, त्याहून वाईट, ती चूक पचवून काचेचा साचा तयार होतो. मूळ सीडीवरच्या सी-१ च्या किरकोळ चुका प्रतींमध्ये उतरत नाहीत, कारण कारखाना आकडे वाचून ते नव्याने लिहितो. पण जिथे वाचनच फसलं, तिथे वाचणाऱ्या यंत्राने केलेला अंदाज हाच पुढच्या प्रत्येक प्रतीचा मूळ पाठ होतो. त्याला मग कुठलीच दुरुस्ती नाही, कारण त्या प्रतींच्या दृष्टीने तो आकडा अगदी बरोबर असतो!

दुसरा मुद्दा असा काढतात: ‘मी वीस वर्षं ऑफिसच्या फायली सीडीवर टाकतोय, एक फाइल खराब झाली नाही. गाणं म्हणजे काय वेगळं?’ वेगळं आहे, आणि किती वेगळं ते कुणालाही पाचवीच्या गणितात दिसेल. ८० मिनिटांच्या ब्लँक सीडीवर फायली मावतात ७०० एमबी. त्याच सीडीवर ८० मिनिटं गाणं भरा. त्याची वेव्ह फाइल ८०० एमबीच्या वर भरते. ही जादा जागा आली कुठून? सीडीचा एक सेक्टर २३५२ बाइटचा. फायली लिहिताना त्यातले २०४८ आपल्याला मिळतात. उरलेल्या ३०४ पैकी २७६ निव्वळ चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. हे सी-१, सी-२ च्या वरचं तिसरं कवच. गाण्याच्या सीडीत २३५२ च्या २३५२ बाइट गाण्याला दिलेले असतात. तिसरं कवच नाहीच. फायलींच्या अनुभवावरून गाण्याच्या सीडीची ग्वाही देणारा माणूस हेल्मेट घातलेल्याची हकिकत बिनहेल्मेटवाल्याला ऐकवतोय.

मग येतो त्यांचा हुकमाचा एक्का: ‘वाजते ना?’

वाजते हो. वाजणारच. प्लेअर मुळात तशासाठीच बनवलेला असतो. दोन्ही टप्प्यांवर आकडा दुरुस्त झाला नाही, तर प्लेअर थांबून तक्रार करत नाही. शेजारचे दोन आकडे बघतो आणि मधला अंदाजाने भरतो. तेही जमलं नाही तर आधीचाच आकडा धरून ठेवतो. अगदीच गेलं तर क्षणभर आवाज बंद करतो. पहिल्या दोन करामती कानाला सहसा कळत नाहीत. तानपुऱ्याच्या अखंड नादावर तर मुळीच नाहीत. म्हणजे ‘वाजली’ यातून सिद्ध होतो तो प्लेअरचा सभ्यपणा. तुमच्या लिखाणाबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. गाडीतल्या प्लेअरवर, रिंग रोडच्या खड्ड्यांतून जाताना ‘ऐकून बघितली, मस्त वाजते’ असं सांगणाऱ्याला काय म्हणावं? परीक्षेत नापासाची सोयच नसेल, तर पास झाल्याचे पेढे कशाचे वाटता?

थोडे हुशार असतात ते म्हणतात, ‘आम्ही सीडी परत कॉम्प्युटरवर घेतो, मूळ फाइलशी ताडून बघतो. आकडे तंतोतंत जुळले.’ हे बरं, पण पुरेसं नाही. आकडे जुळले याचा अर्थ आज, या ड्राइव्हमध्ये, या हवेत दुरुस्ती पुरी पडली. किती ताणून पुरी पडली, ते कळत नाही. सेकंदाला पाच चुका असलेली सीडी आणि दोनशे असलेली सीडी, दोन्ही तंतोतंतच जुळतात. पहिली कुठेही वाचली जाईल. दुसरी बिघाडाच्या दाराशी उभी आहे. शिवाय ज्या ड्राइव्हने लिहिलं त्यालाच वाचायला देणं, म्हणजे ज्याचं अक्षर त्यालाच विचारणं की बाबा, लागतंय का रे? त्याला लागणारच.

आता एक गोष्ट जवळून दाखवतो. अभंग आणि नाट्यपदांच्या एका अल्बमची मास्टर माझ्याकडे तपासायला आली होती. यूएसबीवर चालणाऱ्या पातळ रायटरवर, ‘मॅक्सिमम’ वेगाने लिहिलेली. वर छान छापील कागदी लेबल चिकटवलेलं. तपासणीचा आलेख पडद्यावर हळूहळू उजवीकडे सरकतो. डावीकडे सीडीची आतली कड, उजवीकडे बाहेरची. पहिली वीस मिनिटं सी-१ ची रेघ तळाशी शहाण्यासारखी पडून होती. अर्ध्या तासानंतर ती उठू लागली. तासाच्या पुढे शंभराच्या वर गेली, आणि अगदी शेवटच्या काही मिनिटांत सी-२ चे ठिपके दिसू लागले. त्या शेवटच्या मिनिटांत काय होतं? भैरवी.

हा योगायोग नव्हे. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. शेवटचं गाणं बाहेरच्या कडेला जातं, आणि सगळी संकटं तिथेच टपून असतात. रंगद्रव्याचा थर कडेला सगळ्यात बेभरवशाचा. तबकडीचा वाकडेपणा कडेला सगळ्यात जास्त. आतून सुरुवात करून वेग वाढवत नेणारा रायटर कडेलाच सगळ्यात जोरात धावतो. सीडी वाजते त्याच्या ५२ पटीचा वेग म्हणजे मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे. त्यात तसूभर एकीकडे सरकलेलं कागदी लेबल असलं की तबकडी डोलायला लागते. आणि आपल्याकडे मैफलीची रीत अशी, की जपून ठेवलेली भैरवी शेवटी. म्हणजे निष्काळजी रायटरला तुमच्या अल्बमचा नेमका जीव कुठे आहे ते माहीत असतं! ती मास्टर घेऊन आलेला तरुण म्हणाला, ‘पण आम्ही वाजवून बघितली होती.’ किती वाजवली होती? पहिली दोन गाणी.

दोन गाण्यांच्या मधल्या जागेचंही असंच. लाइव्ह मैफलीची सीडी करताना विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे ट्रॅकची खूण टाकतात, पण आवाज अखंड असतो; तबलजीने लय चढवली आहे, तानपुरे चालूच आहेत. ही सीडी ‘ट्रॅक-अ‍ॅट-वन्स’ पद्धतीने लिहिली, तर रायटर प्रत्येक ट्रॅकनंतर लेसर बंद करतो आणि नव्याने सुरू करतो. मधे सांधा राहतो आणि बहुधा दोन सेकंदांची शांतताही. समेवर येता येता गायक दोन सेकंद नाहीसा होतो! कारखान्याच्या यंत्राला तर तो सांधा दुरुस्त न होणारी चूक म्हणूनच दिसतो. मास्टर लिहायची ती ‘डिस्क-अ‍ॅट-वन्स’, लेसर एकदा पेटला की शेवटी विझला पाहिजे. आणखी एक बारकावा शून्य-एकवाल्यांच्या गावीही नसतो. सीडीवर सेकंदाचे ७५ भाग असतात, एका भागात ५८८ नमुने. ट्रॅक कापताना या हिशेबाबाहेर कापला, तर सॉफ्टवेअर उरलेली जागा शून्यांनी भरतं आणि अखंड तानपुऱ्यात ‘टक्’ असा आवाज येतो. घ्या तुमची शून्यं!

तीच गत लिहिता लिहिता अडखळण्याची. पूर्वी कॉम्प्युटर आकडे पुरवायला क्षणभर उशीर करायचा आणि सीडी वाया जायची. २००० साली सान्योने ‘बर्न-प्रूफ’ आणलं. तेव्हापासून रायटर थांबतो, वाट बघतो आणि सोडलं तिथून पुन्हा सुरू करतो. फायलींसाठी हे वरदान. मास्टरवर मात्र तो सांधा तानेच्या मधोमध राहतो. ‘सीडी पूर्ण झाली’ असा हिरवा संदेश येतो, आणि वापरणारा खूश.

इथवर वाचून दुसऱ्या टोकाची मंडळी खुशीत आली असतील. त्यांनी इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. ‘एक पटीने लिहा, म्हणजे आवाज गोड येतो’, ‘सोनेरी सीडी घ्या, उबदार वाजते’, ‘प्लेक्स्टरचा रायटर मिळवा, डोळे मिटून’, हे सगळे यांचे मंत्र. एकेकाळी सीडीच्या कडेला हिरवं मार्कर फासणारेही यांच्यातच होते. शून्य-एकवाले मोजत नाहीत, कारण त्यांना मोजण्याची गरज वाटत नाही. हे मोजत नाहीत, कारण यांना मोजण्याची भीती वाटते.

एक पटीचा मंत्र घ्या. ज्या काळात रायटरच एक-दोन पटीने चालायचे आणि यामाहाचा चार पटीचा रायटर म्हणजे अप्रूप होतं, तेव्हाच्या सीड्यांचं रंगद्रव्य त्या वेगासाठी बनवलेलं होतं. तेव्हा हा सल्ला ठीक होता. आजची ब्लँक सीडी ५२ पटीपर्यंतच्या वेगासाठी बनवलेली असते. तिचं रंगद्रव्य पातळ आणि चटकन भाजणारं. तिच्यावर लेसर रेंगाळला तर खुणेच्या कडा पसरतात. अनेक नव्या रायटरांत इतक्या खाली उतरायची सोयच नसते. सॉफ्टवेअरमध्ये ‘१’ निवडला तरी ड्राइव्ह आपल्या किमान वेगानेच लिहितो, आणि भाविकाला मात्र आवाज गोड लागतो! दुसरीकडे, पूर्ण वेगाने लिहिताना काही रायटर टप्प्याटप्प्याने वेग वाढवतात आणि प्रत्येक टप्प्याला एक सांधा सोडतात. चांगला वेग बहुधा मधे कुठेतरी, आठ ते चोवीस पटींमध्ये सापडतो. ‘बहुधा’ म्हणतो, कारण तो तुमच्या रायटरवर आणि तुमच्या सीडीवर ठरतो.

इथेच ‘विश्वासू रायटर कुठला?’ हा प्रश्न जरा चुकीचा विचारला जातो. रायटर एकटा विश्वासू नसतो. प्रत्येक ब्लँक सीडीच्या खोबणीत बनवणाऱ्याची खूण आधीच कोरलेली असते. रायटर ती वाचतो, आपल्या फर्मवेअरमधली यादी बघतो आणि या सीडीवर लेसर किती जोरात आणि किती वेळ चालवायचा ते ठरवतो. यादीत ती सीडी नसेल, तर सरासरी अंदाजाने भाजतो. म्हणून एकच रायटर एका सीडीवर मोत्यासारखं लिहितो आणि दुसरीवर गिचमिड करतो. रायटर, सीडी आणि वेग ही जोडगोळी नाही, तिगडी आहे.

आणि म्हणूनच ‘प्लेक्स्टर, डोळे मिटून’ हा सल्लाही आज धोक्याचा आहे. त्या ड्राइव्हचं कौतुक मला कमी नाही. २००३ च्या ‘प्लेक्सरायटर प्रीमियम’बरोबर सी-१, सी-२ आणि जिटर (खुणांच्या कडांचं सरकणं) मोजायची सोय घरच्या माणसाला मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी यामाहाने ‘सीआरडब्ल्यू-एफ१’ काढला होता. त्यात खुणा मुद्दाम लांब लिहिण्याची सोय होती, कडा स्पष्ट याव्यात म्हणून. त्यापायी ७४ मिनिटांच्या सीडीवर ६३ मिनिटंच मावायची. शून्य-एकवाल्यांनी सांगावं, अकरा मिनिटं गंमत म्हणून फुंकून टाकायला यामाहाचे इंजिनिअर खुळे होते का? पण हे सगळं वीसेक वर्षांपूर्वीचं. तेव्हाचा लेसर आज थकलेला असतो, भिंगावर धूळ असते, आणि फर्मवेअरच्या यादीला आजच्या सीड्या ठाऊकच नसतात. पुढे पुढे त्या नावाखाली दुसऱ्यांनी बनवलेले ड्राइव्हही विकले गेले. जुन्या बाजारातून असा ड्राइव्ह चढ्या भावाने आणून देवघरात ठेवायचा असेल तर ठेवा. मास्टर लिहायची असेल तर आधी मोजा.

सीड्यांचं तर विचारूच नका. १९८८ मध्ये राइट करता येणारी पहिली सीडी ज्या तैयो युदेनने आणली, तिने २०१५ मध्ये हा धंदा बंद केला. आपल्याकडे गल्लोगल्ली पन्नासच्या डब्यांत मिळणारी मोजर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघून विक्रीला गेली. डब्यावरचं नाव जुनं दिसलं तरी आतला माल कुठल्या कारखान्याचा, हे खोबणीतली खूण वाचल्याशिवाय कळत नाही. तरीही लोक ‘मी कायम याच ब्रँडच्या वापरतो’ असं छाती काढून सांगतात.

शेवटचा आक्षेप सगळ्यात थकवणारा आहे: ‘सीडी मेली, आता हे कशाला?’ मेली असेल तर मास्टर मागता कशाला? अजून गायक गुरुपौर्णिमेला शंभर-दोनशे प्रती काढतात, संस्था आपले जुने स्पूल सीडीवर उतरवून कपाटात ठेवतात. आणि धंदा आटला म्हणूनच काळजी वाढते. पूर्वी दुकानात दहा चांगले रायटर होते, वाईट निवडायला कष्ट पडायचे. आता उलट आहे. ‘मग सीडीऐवजी डीडीपी, म्हणजे अख्ख्या मास्टरची फाइलच पाठवा’ म्हणाल, तर जरूर पाठवा. कारखाना घेत असेल तर चेकसमसकट (पडताळणीच्या आकड्यासकट) डीडीपी फाइल हीच उत्तम मास्टर, एवढं मी मान्य करतो. पण कारखान्यांना डीडीपी का हवीशी झाली, हेही शून्य-एकवाल्यांनी एकदा सांगावं. कुठल्याही रायटरवरची कुठलीही सीडी चालत होती, तर राइट केलेली सीडी टाळण्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

तेव्हा रायटर घ्यायचाच आहे, तर असा घ्या. यूएसबीवर लटकणारा पातळ नको. टॉवर कॅबिनेटमध्ये बसणारा, स्वतःचा वीजपुरवठा असलेला, ट्रेवाला पूर्ण आकाराचा घ्या. तो ‘डिस्क-अ‍ॅट-वन्स’ बरोबरच आयएसआरसी (प्रत्येक ट्रॅकचा ओळख-क्रमांक) आणि सीडी-टेक्स्ट (गाण्यांची नावं) नीट लिहितो का ते बघा. सगळ्यात आधी हे विचारा, की त्याला किंवा तुमच्याकडच्या दुसऱ्या ड्राइव्हला सी-१, सी-२ मोजता येतात का. बरेच ड्राइव्ह ही माहिती देतच नाहीत. लाइट-ऑनचे अनेक ड्राइव्ह देतात, जुने प्लेक्स्टर देतात. दुकानदाराला हा प्रश्न कळला नाही तर दुकान बदला. एकाच लॉटच्या सीडींचा एक डबा आणा, त्यातल्या तीन-चार वेगवेगळ्या वेगाने लिहून वाया घालवा, आलेख बघा, मग वेग ठरवा आणि तो डबा संपेपर्यंत बदलू नका. लेबल चिकटवू नका. सीडीच्या वरच्या बाजूला फक्त लॅकरचा पातळ थर असतो, तेव्हा बॉलपेनने कोरूही नका. ७४ मिनिटांच्या आत बसत असेल तर बसवा, म्हणजे भैरवी कडेपासून लांब राहील. लिहायचा एक ड्राइव्ह, तपासायचा दुसरा. सी-२ शून्य, सी-१ ची सरासरी एक आकडी असेल तर उत्तम, पंचवीस-तीसच्या वर गेली तर ती सीडी गाडीत वाजवायला द्या. मास्टर दुसरी लिहा. ब्लँक सीडीची किंमत तुमच्या चहाहून फार जास्त नाही.

आणि गायकांना, वादकांना, अल्बमसाठी स्वतःच्या खिशातून पैसे घालणाऱ्यांना सांगणं एवढंच: स्टुडिओवाल्याने मास्टर हातात ठेवली की तिचा सी-१, सी-२ चा आलेख मागा, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा. ‘डिजिटल आहे हो ते’ असं उत्तर आलं, तर शेवटचा हप्ता देऊ नका.